त्याचं तुमच्याकडेच राहिलं

अक्का, तुम्हाला मातीत बसवलं तेव्हा तुमच्या डाव्या तळहातावर माझ्या मुलाचं इष्टलिंग होतं. तुमचं त्याच्याकडे आलं. ही अदलाबदल सगळ्यांत आधी मला दिसली, मी बोललेही, आणि तरी ती तशीच राहिली. तेव्हापासून घरात सगळे तुमच्यासाठी रडतात. मीही रडते. पण माझ्या रडण्यात आणखी काहीतरी मिसळलेलं आहे. ते तुम्हाला सोडून कुणाला सांगता येणार नाही, कारण ते तुमच्याबद्दलच आहे.

मला तुमचा हेवा वाटतो. अजून वाटतो. माणूस गेलं की त्याच्याबद्दलच्या असल्या गोष्टी आपोआप विरून जातात, असं मी धरून चालले होते. तसं काही झालं नाही. तुमच्या फोटोला हार घातला तेव्हा माझ्या निरंजननं तो दोनदा सरळ केला, आणि माझ्या मनात आलं, माझ्या फोटोचा करील का?

हे वाचून तुम्ही मोठ्यानं हसला असतात. "लई इच्यार करतीस गं," म्हणाला असतात.

मी अकलूजच्या शिक्षकाच्या घरातून तुमच्यात आले. तुमच्या भावानं, शेखरनं, माझं नाव घरात काढलं तेव्हा बाकीचे गप्प बसले होते आणि थोरली बहीण म्हणून तुम्ही एकट्याच मला बघायला आला होतात, कॉलेजच्या ग्रंथालयात, काउंटरपाशी. मी पावती फाडत होते. तुम्ही कपाटांकडे वर-खाली बघितलंत आणि विचारलंत, "ही सगळी वाचलीस व्हय?" मी म्हटलं, नाही, थोडी. घरी जाऊन तुम्ही सांगितलंत, "पुस्तकवाली हाय, पण खोटं बोलत न्हाय. आणा." तुमच्या एका शब्दावर मी या घरात आले. त्याचे उपकार मी कधी विसरले नाही. पण उपकार आणि हेवा एका घरात राहू शकतात, अक्का. आपल्या घरात अठरा वर्षं राहिले.

लिंगाचं मला लग्नानंतर कळलं. मूल जन्मलं की गळ्यात बांधायचं, मरेपर्यंत अंगावरून उतरवायचं नाही, आणि मेल्यावर तेच तळहातावर ठेवून मातीत बसवायचं. "म्हंजे मानूस येकटं जात न्हाय," असं तुम्ही मला समजावून सांगितलं होतं. लग्नात मलाही बांधलं. वर्षभर घातलं, मग एकदा ताप आला तेव्हा काढून ठेवलं ते कपाटात, मखमली डबीत राहिलं. तुम्हाला ते ठाऊक होतं. तुम्ही कधी विषय काढला नाही. तुमचं न विचारणं मला त्या वेळी मोठेपणा वाटायचं. पुढे त्याच न विचारण्यानं माझा मुलगा तुमच्याकडे ओढला गेला, तेव्हा मात्र ते मला युक्ती वाटायला लागलं.

बारशाला तो तुमच्या मांडीवर होता. नाव आत्यानं ठेवायचं. तुम्ही त्याच्या कानात आधी तुमच्या वडिलांचं नाव सांगितलंत आणि मग मी ठरवलेलं. कागदोपत्री निरंजन, तुमच्या तोंडी मल्लू. शाळेत कुणी निरंजन म्हणून हाक मारली की तो "हां" म्हणायचा. तुम्ही दारातून "मल्लू!" म्हटलंत की उठून जायचा. त्याच मांडीवर तुम्ही त्याच्या गळ्यात लिंग बांधलंत. मी समोर बसून बघत होते, आणि तुम्ही त्याच्या गालाला गाल लावून म्हणालात, "नन्न मगा." कन्नड मला फारशी आलीच नाही. ऊटा, नीरू, बा, साकू, असले स्वयंपाकघरातले शब्द तेवढे आले. पण "नन्न मगा" म्हणजे "माझा मुलगा", हे मी पहिल्याच दिवशी कुणाला तरी विचारून घेतलं होतं.

पुढे तुम्ही दोघं कन्नडमध्येच बोलायला लागलात. मी खोलीत आले की भाषा बदलायची. ती माझ्यासाठी बदलायचात, माझं मन राखायला. मला मात्र दार लोटून घेतल्यासारखं वाटायचं.

अक्कलकोटच्या बाजूला तुमच्या सासरच्या शेतात विहीर आहे. तिथं तुम्ही त्याला पोहायला शिकवलंत. म्हणजे शिकवलं तुमच्या पुतण्यानं, तुम्ही काठावर त्याचे कपडे मांडीवर घेऊन बसायचात आणि वरून ओरडायचात. मला विहिरीची भीती, मी कधी आले नाही. संध्याकाळी तो घरी यायचा तेव्हा केस ओले, ओठ निळे, आणि तोंडात फक्त "आत्या म्हणाली, आत्या म्हणाली". मी त्याचं डोकं पुसत ऐकायची. एकदा म्हणाला, "आई, मी पाण्यात असलो की आत्या कपडे सोडून कुठं जात नाही. चहा आला तरी उठत नाही." मी म्हटलं, "मग काय झालं?" तो म्हणाला, "काही नाही. सांगितलं."

तो प्रश्न विचारणारा झाला, हे माझ्यामुळे. एवढं तरी माझं आहे ना, अक्का? त्याला वाचायला मी शिकवलं, "का" विचारायला मी शिकवलं, आणि उत्तर पटलं नाही तर नाही म्हणायलाही मीच. चौदाव्या वर्षी त्यानं हे सगळं घरावर उलटवलं. केस वाढवले. सायन्सच्या क्लासला नाव घालून आलो तर दोन दिवस गेला आणि तिसऱ्या दिवशी सांगितलं, "तिथं कुणी विचार करत नाही, फक्त पाठ करतात." त्याच्या बाबांनी चिंचोळीच्या कारखान्यातून ड्यूटी करून यायचं, आणि यानं जेवताना त्यांना विचारायचं, "तुमच्याकडं कंत्राटी माणसांना कँटीनमध्ये वेगळं ताट का?" शेखर शांत माणूस. तो घास गिळायचा आणि म्हणायचा, "जेव आधी." मी मात्र वाद घालायची. मला वाटायचं, मुलाशी बरोबरीनं बोलायचं तर वाद घातला पाहिजे. मी मुद्दे मांडायची, तो मुद्दे खोडायचा. आमच्यातलं प्रत्येक बोलणं दोघांपैकी एक जण हरून संपायचं.

ते लग्न आठवतं? होटगी रोडच्या कार्यालयातलं, तुमच्या चुलत भावाच्या मुलीचं. वाढप्यांची पोरं बाहेर भिंतीला टेकून, पंगती उठल्यावर उरलंसुरलं जेवायची वाट बघत होती. निरंजननं आपलं भरलेलं ताट उचललं आणि त्यांच्यात जाऊन फरशीवर बसला. सगळं कार्यालय बघायला लागलं. तुमचे चुलते अण्णा म्हणाले, "काय नाटक लावलंय ह्यानं?" मी त्याच्याजवळ गेले आणि हळू आवाजात त्याला सांगायला लागले, की तुझं म्हणणं बरोबर आहे, पण प्रत्येक गोष्टीची एक वेळ असते, आणि आज ज्यांच्या घरचं कार्य आहे त्यांचाही विचार करायला हवा. तो खाली मान घालून भात कालवत होता. तेवढ्यात तुम्ही आलात. इरकल साडी, हातात ताट. "सरक की रं जरा," म्हणालात आणि गुडघे धरत धरत फरशीवर बसलात. मग त्या पोरांकडे वळून, "काय रं, तुमाला बुंदी वाढली का न्हाय अजून? मल्लू, ऊठ, बुंदी आण जा."

तो उठला. हसत उठला. मी तिथंच उभी होते. माझ्याजवळ सगळे मुद्दे बरोबर होते, आणि तुम्ही बसलात.

घरी येताना रिक्षात तो म्हणाला, "आत्या भारी आहे." मी म्हटलं, "हो." हे सगळे विचार त्याच्या डोक्यात कुणी घातले, असं मी त्याला विचारणार होते. बरं झालं, विचारलं नाही.

मग ती सोमवारची रात्र. जेवताना त्यानं गळ्यातलं लिंग काढून ताटाजवळ ठेवलं. "मला हे नको. माझा विश्वास नाही. विश्वास नसताना घालायचं म्हणजे खोटं." शेखर उठून गॅलरीत गेला. मी विचारलं, "विश्वास नाही हे कशावरून ठरवलंस?" तो म्हणाला, "तू कशावरून ठरवलंस? तुझं कपाटात आहे." मग मी तेच केलं जे मला येतं. परंपरा म्हणजे काय आणि श्रद्धा म्हणजे काय, दोन्हींतला फरक, असं काहीतरी बोलायला लागले. तुम्ही आमटीचा डबा द्यायला आला होतात आणि दारात चपला काढत होतात. आत आलात, मोरीत हात धुतलेत, आणि ते टेबलावरून उचललंत.

"जेवनाच्या टेबलावर ठिवायची वस्तू हाय का ही?"

"आत्या, मी परत घालणार नाही."

"कोन म्हनतंय घाल म्हनून? माझ्याकडं असू दे. तुला पायजे तवा माग. नको असलं तर नको मागू." आणि तुम्ही ते आपल्या गळ्यात घातलंत, तुमच्या लिंगाशेजारी.

मी म्हटलं, "अक्का, माझ्याकडे द्या ना. मी देवघरात नीट ठेवते."

"देवघरात ठिवत नसत्यात. अंगावर असाय लागतं."

तुम्ही बरोबर होतात. तुमच्या बोलण्यात टोमणाही नव्हता. पण माझ्या मुलाच्या गळ्यातली वस्तू माझ्या घरातून, माझ्या डोळ्यांदेखत, तुमच्या गळ्यात गेली. आणि तो निश्चिंत होऊन जेवायला लागला. दुसऱ्यांदा भात घेतला.

नातेवाइकांनी तुम्हाला बोल लावला. दोन लिंगं एका गळ्यात घालतात का, पोराला असं मोकळं सोडतात का, शास्त्र काय म्हणतं. तुम्ही सगळ्यांना एकच उत्तर दिलंत. "पोरगं पवाय गेलंय. कापडं काठावर कुनीतरी सांभाळाय नको?" हसून हसून लोक गप्प झाले. माझ्या ग्रंथालयात इतकी पुस्तकं आहेत, पण असं एक वाक्य मला सुचलं नसतं. आणि सुचलं असतं तरी काय, ती विहीर माझी नव्हती.

त्यानंतर तो रोज कॉलेजातून येताना तुमच्याकडे थांबायचा. तुमच्या बाळीवेशीतल्या घरी चहा, कडक भाकरी, शेंगाचटणी, आणि टीव्हीवर क्रिकेट. तुम्ही त्याच्याशी पत्ते खेळताना लबाडी करायचात आणि तो ती पकडायचा. तुम्ही त्याला शिव्या द्यायचात, तोही तुमच्यावर ओरडायचा, आणि पाच मिनिटांत दोघंही विसरायचात. आमच्या घरात कुणी कुणावर ओरडत नाही. आमच्या घरात गोष्टी आठवडाभर पुरतात.

एकदा मी तुमच्याकडे आले होते, तुम्ही उखळात चटणी कुटत होतात. मी आल्या आल्या म्हटलं, "अक्का, तुम्ही त्याला आमच्यापासून तोडताय." तुम्ही कुटणं थांबवलं नाहीत.

"तोडत न्हाय गं. तुझ्याकडं यायच्या आदी जरा हितं टेकतोय."

"माझ्याकडे येतच नाही तो."

"मग रोज झोपाय कुटं येतोय?"

"झोपायला लोक लॉजवरही जातात."

तुम्ही एवढ्या हसलात की मुसळ बाजूला ठेवावं लागलं. डोळे पुसत म्हणालात, "लॉज! अगं पुस्तकवाले, हे चांगलं होतं." मग एकदम गंभीर झालात आणि म्हणालात, "येक सांगू का तुला? त्यो माझ्याशी काय बोलतो म्हाईत हाय?" तेवढ्यात खालून दूधवाला हाक मारायला लागला, तुम्ही भांडं घेऊन उतरलात, आणि वर आलात तेव्हा शेजारीण बरोबर होती. मी नंतर विचारणार होते. मी दर वेळी नंतर विचारणार होते. तो तुमच्याशी काय बोलायचा, अक्का? माझ्याबद्दल बोलायचा का? तुम्ही हे तुमच्याबरोबर नेलंत. मला वाटतं, तुमच्याबद्दल मला सगळ्यात जास्त राग याचाच आहे.

आमच्या माहेरी बायका मातीला जात नाहीत. तुमच्यात जातात. म्हणून मी तिथं होते.

तुम्हाला अंघोळ घालताना दोन्ही लिंगं काढून तुमच्या इंडी गावच्या काकूंनी ताटलीत ठेवली होती. दोन्ही काळी, दोन्ही सारखीच. विधी करणाऱ्या स्वामींनी हात पुढे केला आणि काकूंनी रडत रडत त्यातलं एक दिलं. तुम्ही मातीत बसला होतात, कपाळभर विभूती, मांडीवर बेलाची पानं. निरंजन खड्ड्याच्या काठावर गुडघे टेकून तुमच्या खांद्याला हात लावून होता. स्वामींनी ते तुमच्या डाव्या तळहातावर ठेवलं, आणि मला खालच्या बाजूचा टवका दिसला. तांदळाएवढा. पाच वर्षांचा असताना त्यानं ते न्हाणीघरात आपटलं होतं. सात वर्षांचा होईपर्यंत त्याला अंघोळ मी घातली आहे, अक्का. छातीला साबण लावताना ते एका हातानं बाजूला मीच धरत होते. तो टवका जगात फक्त मला ओळखता येतो.

मी म्हटलं, "थांबा. ते निरंजनचं आहे."

माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. स्वामींचा हात तसाच राहिला. काकू "अगं बाई" म्हणून मटकन खाली बसल्या. निरंजननं वाकून बघितलं.

"हो," तो म्हणाला. "माझंच आहे."

स्वामी म्हणाले, "मग बदलून घेऊ. ज्याचं त्याला."

"नको. राहू दे."

"असं कसं, बाळ?"

"दोन वर्षं तिच्याकडंच होतं की." आणि मग माझ्याकडे बघून, "आई, राहू दे."

सगळा दिवस तो माझ्याशी बोलला नव्हता. बोलला ते हे. स्वामी म्हातारे होते, त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "नक्की?" तो म्हणाला, नक्की. स्वामींनी तुमची बोटं मिटली. ताटलीतलं दुसरं, तुमचं, त्यानं रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवलं. मग विभूती, मग माती. माझ्या मुलाला मी जिथं जिथं हात लावला होता त्यातली एक गोष्ट तुमच्या मुठीत गेली, आणि ती मूठ मी उघडू शकत नव्हते.

तुम्हाला वाटेल तिथं संपलं. नाही संपलं. तिसऱ्या दिवशी घर भरलेलं असताना अण्णांनी विषय काढला. "जित्या पोराचं लिंग मातीत गेलंय. हे बरं न्हाय. शांती करा, नायतर काढून घ्या." इंडीच्या काकू पुन्हा रडायला लागल्या. "माज्याच हातनं झालं, देवा, माज्याच हातनं." शेखर गॅलरीत निघून गेला. आणि मी? मी न मानणारी बाई, जिचं स्वतःचं कपाटात. पण अण्णांचं ते वाक्य मी विसरू शकले नाही. त्या दिवसापासून तो गाडी घेऊन बाहेर पडला की सात रस्त्याच्या चौकापर्यंत माझं मन त्याच्या मागे जातं. तुमच्यावर चिडायचं आणखी एक कारण मिळालं. पोर तर घेतलंतच, आता त्याच्यासाठी भ्यायलाही मलाच लावलंत.

निरंजन स्वयंपाकघरातून पाणी घेऊन आला. आधी काकूंपुढे बसला. "काकू, तुमचं काही चुकलं नाही. मी सांगितलं राहू दे म्हणून." मग अण्णांकडे वळला.

"अण्णा, आत्या पवाय गेलीय. तिची कापडं काठावर कुनीतरी सांभाळाय नको?"

तुमचं वाक्य. तुमच्याच चालीत, तुमच्याच बोलीत. घरात तो असं कधी बोलत नाही. अण्णा उपरण्यानं डोळे पुसायला लागले. काकू रडता रडता हसल्या. सगळं घर हसलं आणि रडलं. मी भिंतीला टेकून उभी होते. मला एकदम कळलं, की तो कुठलाही मुद्दा मांडत नव्हता. कुणाला हरवत नव्हता. हे त्याला मी शिकवलेलं नाही. मला तुमचा इतका हेवा यापूर्वी कधी वाटला नव्हता, आणि त्याच क्षणी वाटलं, बरं झालं बाई, कुणीतरी शिकवलं.

त्यानंतर आठवडाभरानं तो माझ्याकडे आला. मी भाजी निवडत होते. खिशातून रुमाल काढला. "आई, बाळीवेशीत जाशील तेव्हा ह्याच्यासाठी एक दोरा आणशील? आत्याचा पार विरलाय. तुटला की पडेल कुठंतरी."

जाशील तेव्हा, असं तो म्हणाला होता. मी भाजी तशीच ठेवून त्याच दुपारी गेले. ऊन असं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. तुमच्या घरावरून गेले, दाराला कुलूप. पुढच्या दुकानात लिंगाचे दोरे टांगलेले असतात, तिथं दुकानदार म्हणाला, "नायलॉनचा देऊ का ताई? जन्मभर तुटत नाही. आता सगळे हाच नेतात."

मी दोन्ही हातांत घेऊन बघितले. नायलॉनचा गुळगुळीत, चकाकता. सुती साधा, पांढरा.

"सुती किती दिवस टिकतो?"

"घामानं विरतो ओ. वर्षभर, फार तर. परत बदलाय लागतो."

"सुतीच द्या," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कॉलेजला जायच्या आधी, तो माझ्यापुढे पाटावर बसला. आता तो माझ्यापेक्षा उंच आहे, उभ्यानं माझा हात पोचत नाही. मी तुमचं लिंग नव्या दोऱ्यात ओवलं होतं. त्यानं वाढलेले केस एका हातानं वर धरले आणि मान खाली घातली. किती दिवसांनी मी त्याची मान बघत होते! मानेवर लहानपणीचा तीळ आहे, तो तिथंच आहे.

"पूजाबिजा करणार नाही मी," तो खालीच बघत म्हणाला. "तिनं माझं सांभाळलं, मी तिचं सांभाळतो. तेवढंच."

मी गाठ मारत होते.

"विचारत का नाहीस?"

"काय?"

"विश्वास बसला का म्हणून."

मी ओठ मिटून धरले होते, अक्का, शपथ. पण माझा स्वभाव मला ठाऊक आहे आणि तुम्हालाही. "बसला का?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही हसलो. त्याची मान हसण्यानं हलली, म्हणून मला गाठ पुन्हा पहिल्यापासून मारावी लागली. बारशाच्या दिवशी ती तुम्ही मारली होती. या वेळी मी मारली. घट्ट, एकावर एक, दोन.

त्यानं दोऱ्यावरून बोट फिरवलं. "सुती आणलास? नायलॉनचा टिकतो ना."

"सुतीच असतो," मी म्हटलं. "आत्याचा सुतीच होता."

ते खरंच आहे, तुमचा सुतीच होता. पण मी तेवढ्यासाठी आणला नाही, हे तुम्हाला कळलंच असेल. तो तुमचं गळ्यात घालून कॉलेजला गेला, आणि त्याचं तुमच्या मुठीत आहे. असू दे. दोरा वर्षभरात विरेल. मग तो पुन्हा येईल, पाटावर बसेल, मान खाली घालेल.